मानेतली खुंटी : जन्मजात सिंड्रोम आणि मुलांच्या मानेचे वरचे मणके



गेल्या तीन व्याख्यानांत आपण 'कारण' म्हणजे काय, या प्रश्नाभोवती फिरत होतो. काही श्रोत्यांनी कळवलं की चर्चा फार हवेत चालली आहे, एखादं उदाहरण धरून बोला. तक्रार रास्त आहे. म्हणून आज एकच उदाहरण घेऊ, आणि तेही शरीरातलं. आम्ही डॉक्टर आहोत ते तत्त्वज्ञानातल्या पदवीपुरते. आमच्याकडे कुणी नाडी दाखवायला येत नाही, आणि आज आपण जे बोलणार आहोत त्यावरून कुणी उपचार ठरवू नयेत. पण या विषयात विचार कसा चुकतो हे फार स्वच्छ दिसतं, आणि तो चुकला की किंमत एक मूल मोजतं.

समजा, पाच-सहा वर्षांची एक मुलगी आहे. तिला डाउन सिंड्रोम आहे. उशिरा का होईना ती चालायला लागली, जिना चढायला लागली, रात्रीचं अंथरूण कोरडं राहायला लागलं. आणि गेले दोन महिने ती सारखी 'कडेवर घे' म्हणते. जिन्यापाशी बसून राहते. अंथरूण पुन्हा ओलं होतं. घरचे म्हणतात, लाडावलीय. शाळेतल्या बाई म्हणतात, अशी मुलं मध्येच थोडी मागे जातात. दवाखान्यात कुणी म्हणतं, डाउन आहे ना, स्नायू सैल असतातच. तिन्ही उत्तरं ऐकायला समंजस आहेत. आणि तिन्ही देऊन होईपर्यंत मुलीच्या मानेत, कवटीच्या अगदी खाली, मज्जारज्जू चेपला जात असू शकतो.

हे कसं होतं ते समजण्यासाठी आधी मान पाहू.

आपण मान हलवून 'हो' म्हणतो आणि मान हलवूनच 'नाही' म्हणतो. दोन्ही मानेनेच, पण सांधे वेगळे. 'हो' म्हणताना मुख्यतः कवटी पहिल्या मणक्यावर पुढे-मागे झुलते. 'नाही' म्हणताना पहिला मणका दुसऱ्या मणक्याभोवती फिरतो. मान डावी-उजवीकडे जितकी वळते त्यातलं जवळजवळ निम्मं वळणं या एकाच सांध्यात होतं. उरलेलं निम्मं खालचे सगळे मणके मिळून करतात. पहिल्या मणक्याला ॲटलास म्हणतात. ग्रीक पुराणात खांद्यावर आकाश पेलून उभा असलेला जो दैत्य, त्याचं हे नाव. दुसरा ॲक्सिस, म्हणजे आस.

ॲटलासची रचना चमत्कारिक आहे. प्रत्येक मणक्याला पुढच्या बाजूला एक भरीव ठोकळा असतो, ॲटलासला तो नाही. ती नुसती अंगठी आहे. आणि ॲक्सिसच्या ठोकळ्यातून वर एक हाडाची खुंटी उभी असते, मोठ्या माणसात जेमतेम दीड सेंटीमीटरची. तिला डेन्स म्हणतात. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ दात. ही खुंटी ॲटलासच्या अंगठीत खालून शिरते आणि अंगठी तिच्याभोवती फिरते. ज्यांनी घरात जातं पाहिलं आहे त्यांना हे लगेच समजेल: खालच्या दगडात मधोमध खुंटी रोवलेली, वरचा दगड तिच्याभोवती फिरतो. फरक एवढाच की मानेतली खुंटी मधोमध नसते. ती अंगठीच्या पुढच्या कडेला टेकून उभी असते, आणि तिच्या मागून एक मजबूत आडवा अस्थिबंध, पट्ट्यासारखा, तिला तिथे धरून ठेवतो. पट्ट्याच्या मागे मज्जारज्जू. म्हणजे हाड, पट्टा आणि मज्जारज्जू एकाच अंगठीत दाटीवाटीने राहतात.

ही दाटी किती, याचा एक ठोकताळा अस्थिशल्यविशारद स्टील यांनी १९६८ साली मांडला. अंगठीच्या आतली पुढून मागची जागा तीन भागांत वाटा: एक भाग खुंटीचा, एक मज्जारज्जूचा, एक मोकळा. हा मोकळा तिसरा हिस्सा आहे म्हणून आपण गाढव वाटेल तशी मान हलवूनही जिवंत आहोत. खुंटी थोडी मागे सरकली तर आधी मोकळी जागा संपते, आणि तोवर माणसाला काहीही कळत नाही. दुखत नाही, मुंग्या येत नाहीत. जागा संपली की मग मज्जारज्जूची पाळी. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात मर्मांची यादी आहे. तिच्यात डोकं आणि मान जिथे जुळतात तिथे 'कृकाटिका' नावाची दोन मर्मं सांगितली आहेत, आणि तिथे इजा झाली तर 'चलमूर्धता' येते, म्हणजे डोकं स्थिर राहत नाही, असं म्हटलं आहे. सुश्रुतांना आजचं सगळं ठाऊक होतं असा दावा आम्ही करणार नाही. तसे दावे करणारे पुष्कळ आहेत. पण या सांध्याचा धोका म्हणजे अस्थिरता, ही नेमकी गोष्ट त्यांनी पाहिली होती, एवढं मान्य करायला हरकत नाही.

आता गर्भाकडे जाऊ. ही खुंटी ॲक्सिसची दिसते, पण मुळात ती ॲटलासची आहे. गर्भात ॲटलासचा जो ठोकळा व्हायचा, तो स्वतःच्या घरी राहत नाही. तो दुसऱ्या मणक्याच्या घरी दत्तक जातो आणि तिथे खुंटी म्हणून उभा राहतो. जन्माच्या वेळी खुंटी आणि ॲक्सिसचा ठोकळा यांच्यामध्ये अजून कूर्चा असते. साधारण तीन ते सहा वर्षांच्या दरम्यान तिथे हाड धरतं. खुंटीचा शेंडा तर आणखी वेगळा: तिथे हाड उशिरा दिसू लागतं आणि खाली चिकटायला बाराव्या वर्षाच्या आसपास उजाडतं. इतक्या तुकड्यांतून, इतक्या सावकाश जुळणारं हाड शरीरात क्वचितच असेल. जिथे जोड जास्त, तिथे चुकायला जागा जास्त, हे सुताराला विचारलं तरी तो सांगेल.

मणके तयार होण्याची पद्धतही विलक्षण आहे. गर्भाच्या पाठीला चौथ्या-पाचव्या आठवड्याच्या सुमारास ठोकळ्यांच्या जोड्या दिसू लागतात. प्रत्येक ठोकळ्याचा खालचा अर्धा भाग पुढच्या ठोकळ्याच्या वरच्या अर्ध्याशी जुळतो आणि त्यातून एक मणका होतो. सगळ्यात वरचे चार ठोकळे कवटीत जातात. म्हणजे कवटी कुठे संपते आणि मान कुठे सुरू होते, ही सीमारेषा गर्भात आखली जाते, आणि ती आखणारी जनुकं आहेत. त्याच दिवसांत हृदय घडत असतं, मूत्रपिंडं घडत असतात, कान घडत असतात. मानेतला दोष एकटा का येत नाही, त्याच्याबरोबर हृदयाचा, मूत्रपिंडाचा किंवा कानाचा दोष का असतो, याचा बराचसा उलगडा इथे होतो.

मानेत मणके सात. माणसाला सात, उंदराला सात, जिराफालाही सातच. सस्तन प्राण्यांत स्लॉथ आणि मॅनटी एवढेच अपवाद सांगतात. इतका कडक नियम निसर्गात सहसा आढळत नाही, आणि त्यावरून असा तर्क केला जातो की मणक्यांच्या संख्येत फेरफार झाला की त्याबरोबर आणखी बरंच काही बिघडतं, म्हणून तसे गर्भ टिकत नाहीत. असो. हा रस्ता मोहात पाडणारा आहे, पण आज नको.

'सिंड्रोम' हा शब्द ग्रीक आहे, आणि त्याचा अर्थ 'एकत्र धावणं'. मराठीत 'लक्षणसमूह' किंवा 'संलक्षण' म्हणतात. काही लक्षणं वारंवार एकत्र धावताना दिसतात, म्हणून त्या घोळक्याला आपण नाव देतो. नाव देणं हे ओळखणं झालं. स्पष्टीकरण अजून व्हायचं असतं. मोलिएरच्या १६७३ सालच्या नाटकात वैद्यकीचा एक उमेदवार सांगतो की अफूने झोप येते, कारण अफूत झोप आणण्याची शक्ती असते. परीक्षक माना डोलावतात, प्रेक्षक हसतात. पण 'ती चालत नाही, कारण तिला डाउन आहे' हे वाक्य आपण गंभीर चेहऱ्याने ऐकून घेतो. ते तसंच वाक्य आहे.

डाउन सिंड्रोम खरं तर दुर्मीळ नाही. हजार जन्मांमागे साधारण एक. लँग्डन डाउन या इंग्लिश डॉक्टरांनी १८६६ साली त्याचं वर्णन केलं, आणि १९५९ साली पॅरिसमध्ये लेझॅन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकविसाव्या गुणसूत्राची तिसरी प्रत दाखवून दिली. या मुलांचे अस्थिबंध सैल असतात. खुंटीमागचा पट्टाही त्यात आला. शिवाय काहींची खुंटी लहान असते, किंवा तिचा वरचा भाग सुटा, गोटीसारखा राहिलेला असतो. एक्स-रे काढले तर या मुलांपैकी साधारण दहा ते वीस टक्क्यांत ॲटलास आणि खुंटी यांच्यातलं अंतर प्रमाणापेक्षा जास्त दिसतं. (मोठ्या माणसात हे अंतर तीन मिलिमीटरपर्यंत ठीक मानतात, मुलांत पाचपर्यंत.) पण मज्जारज्जू चेपला जाऊन खरोखर त्रास होतो तो एक-दोन टक्क्यांना. या दोन आकड्यांमधल्या दरीत गेल्या चाळीस वर्षांचा सगळा वाद आहे.

स्पेशल ऑलिंपिक्स ही बौद्धिक अक्षमता असलेल्या खेळाडूंची चळवळ. तिने १९८३ साली नियम केला: डाउन सिंड्रोम असलेल्या खेळाडूंनी मानेचे एक्स-रे काढल्याशिवाय सूर मारणं, जिम्नॅस्टिक्स, उंच उडी, बटरफ्लाय पोहणं असल्या प्रकारांत उतरायचं नाही. पुढच्या वर्षी अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, अमेरिकन ॲकॅडमी ऑफ पीडिॲट्रिक्सने, त्याला पाठिंबा दिला. ऐकायला किती शहाणपणाचं! धोका आहे, तर तपासा. पण १९९५ साली त्याच संघटनेने आपलं निवेदन मागे घेतलं. एक्स-रेवरून पुढे कुणाला त्रास होईल हे सांगता येतं, असा पुरावाच नव्हता. आज नीट दिसलेली मान दोन वर्षांनी वेगळी दिसे, किंवा उलट. खेळताना इजा झाल्याची उदाहरणं फार थोडी होती. २०११ च्या मार्गदर्शनात तर स्पष्ट सांगितलं आहे की लक्षणं नसतील तर सरसकट एक्स-रे काढू नका. त्याऐवजी दर भेटीत आईवडिलांना काय पाहायचं ते समजावून सांगा, आणि नीट विचारपूस करून तपासा.

मघाशी एका श्रोत्यांनी चिठ्ठी दिली: 'मग एक्स-रे काढून खात्री करून घ्यायला काय हरकत? दिसलं नाही म्हणजे नाही.' प्रश्न चांगला आहे, आणि आपल्याकडे त्याचं उत्तर मीमांसकांनी आणि नैयायिकांनी फार पूर्वी दिलेलं आहे. 'जमिनीवर घडा नाही' हे ज्ञान कसं होतं? घडा दिसत नाही, यावरून. पण अंधार असेल तर? अंधारात घडा न दिसणं हा घडा नसल्याचा पुरावा होत नाही. असता तर दिसला असता, अशी स्थिती असेल तरच न दिसण्याला किंमत. याला 'योग्यानुपलब्धी' म्हणतात. आता पाहा, तीन वर्षांच्या आतल्या मुलाच्या मानेत पुष्कळ भाग अजून कूर्चेचा असतो, आणि कूर्चा एक्स-रेत दिसत नाही. तिथे काढलेला एक्स-रे म्हणजे अंधारातला घडा. मोठ्या मुलातही एक्स-रे हाडांमधलं अंतर दाखवतो, मज्जारज्जू दाखवत नाही. त्याला एमआरआय लागतो. आणि मान सरळ असताना सांधा जागेवर, वाकवली की सरकलेला, असं असेल तर सरळ मानेचं चित्र निर्दोषच येणार. म्हणून लक्षणं असतील तेव्हा डॉक्टर आधी साधा सरळ एक्स-रे काढतात, आणि तो ठीक असेल तरच मान पुढे-मागे वाकवून काढलेली चित्रं मागतात. एक्स-रे वाईट नाही. त्याच्याकडून कोणत्या प्रश्नाचं उत्तर मागायचं हे ठाऊक असलं पाहिजे.

मग पाहायचं काय? बदल. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलाची चाल थोडी फेंगडी असू शकते, हात थोडे अडखळू शकतात. नैयायिकांच्या भाषेत हा हेतू अनैकान्तिक: मज्जारज्जू चेपलेला असताना हे दिसतं, नसतानाही दिसतं, म्हणून त्यावरून काही सिद्ध होत नाही. पण जे मूल काल जिना चढत होतं ते आज चढत नाही, याला ते उत्तर चालत नाही. सिंड्रोम काल होता तसाच आज आहे. जे बदललं नाही त्याला बदलाचं कारण ठरवता येत नाही. तर्काचा हा साधा नियम दवाखान्यात आणि घरात रोज मोडला जातो, तोही मायेपोटी, 'आमचं मूल असंच आहे' म्हणत. चाल बिघडणं, लवकर दमणं, पडण्याचं प्रमाण वाढणं, हातातून वस्तू निसटणं, बटण लावता येत होतं ते न येणं, मान एका बाजूला धरून ठेवणं, मान दुखणं, लघवी-शौचावरचा ताबा सुटणं: यातलं काहीही नव्याने दिसलं तर मान तपासलीच पाहिजे, आणि तीही लवकर. अशी मुलं 'मान दुखते' असं नेमकं सांगतीलच असं नाही. पुष्कळदा ती फक्त खेळायची थांबतात.

दुसरं उदाहरण मॉर्कियो सिंड्रोमचं. हा मात्र खरोखर दुर्मीळ. १९२९ साली उरुग्वेच्या मॉन्टेव्हिडिओ शहरात लुईस मॉर्कियो यांनी आणि इंग्लंडात बर्मिंगहॅमला ब्रेल्सफर्ड यांनी, एकमेकांना न कळता, एकाच वर्षी त्याचं वर्णन केलं. यात एक विकर जन्मतःच अपुरं असतं, त्यामुळे केराटन सल्फेट नावाची लांब साखळी मोडली जात नाही आणि ती कूर्चेत, हाडांत साठत राहते. मूल जन्माला येतं तेव्हा बहुधा काही दिसत नाही. दोन-तीन वर्षांत छाती पुढे येते, गुडघे एकमेकांना घासू लागतात, उंची खुंटते, मनगटं लुळी पडल्यासारखी सैल होतात. बुद्धी मात्र शाबूत. वर्गात पहिली येणारी मुलंही यात असतात.

या मुलांची मान सगळ्यात धोक्याची. खुंटी नीट वाढलेलीच नसते, कधी नुसता खुंट. पट्टा सैल. आणि खुंटीच्या आजूबाजूला मऊ ऊती जाड होत जातात, म्हणजे तो जो मोकळा तिसरा हिस्सा आपण म्हटला, तो दोन्हीकडून खाल्ला जातो. आता इथे नावाचा पडदा वेगळ्या तऱ्हेने पडतो. मूल कमी चालायला लागलं, तर कारण डोळ्यांसमोर असतं: गुडघे वाकडे आहेत, नितंबाचे सांधे बिघडले आहेत. अगदी खरं. वाकडे गुडघे खरेच आहेत! पण एक खरं कारण सापडलं म्हणून दुसरं शोधायचं थांबायचं, हे चूक. गुडघ्यांची शस्त्रक्रिया ठरते, आणि मान तशीच राहते. या सिंड्रोमसाठी बाहेरून विकर देण्याचं औषध २०१४ साली अमेरिकेत मान्य झालं. ते दर आठवड्याला शिरेतून द्यावं लागतं. त्याने चालण्याची क्षमता काही प्रमाणात सुधारते, पण घडून गेलेली हाडं ते पुन्हा घडवत नाही. मानेवरची नजर त्यामुळे हटवता येत नाही.

क्लिपेल-फाइल हा तिसरा. १९१२ साली पॅरिसमध्ये मॉरिस क्लिपेल आणि आंद्रे फाइल यांनी शेहेचाळीस वर्षांच्या एका शिंप्याचं वर्णन केलं. त्याची मान जणू नव्हतीच. गर्भात जे ठोकळे सुटे व्हायचे ते सुटे झालेच नाहीत, मणके एकसंध राहिले. आखूड मान, मागे खाली उतरलेले केस आणि मान न वळणं, अशी तीन लक्षणं पुस्तकात देतात. तिन्ही एकत्र निम्म्याहून कमी जणांत असतात. जुळलेले मणके स्वतः फारसे धोक्याचे नसतात, ते हलतच नाहीत. धोका त्यांच्या शेजाऱ्याला. चार भावांचं काम एकट्याने ओढणाऱ्या माणसासारखा, मधला जो एखादा सांधा सुटा राहिला आहे, त्यावर सगळी हालचाल येते. ॲटलास कवटीला चिकटलेला आणि दुसरा-तिसरा मणका एकमेकांना चिकटलेले असतील, तर मधला ॲटलास-ॲक्सिसचा सांधा एकटाच राबतो आणि वर्षानुवर्षं सैल होत जातो. या मुलांची मूत्रपिंडांची सोनोग्राफी, हृदयाची तपासणी आणि ऐकू येण्याची चाचणी करून घेतात, ती का, हे गर्भाच्या गोष्टीवरून आता ध्यानात येईल. काहींमध्ये एक हात हलवला की दुसरा आपोआप तसाच हलतो, आरशातल्यासारखा. आम्ही हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा इच्छा आणि कृती यांवरची आमची जुनी टिपणं बाहेर काढली होती. तो विषय पुन्हा कधीतरी.

बाविसाव्या गुणसूत्राचा छोटा तुकडा गहाळ असलेल्या मुलांतही ॲटलासची मागची कमान जुळलेली नसणं, मणके चिकटलेले असणं असे फरक फार आढळतात, पण त्यांतल्या बहुतेकांना त्याचा त्रास होत नाही. आणि एकॉन्ड्रोप्लेजिया, म्हणजे बुटकेपणाचा सर्वांत जास्त आढळणारा हाडांचा प्रकार, त्यात मणक्यांपेक्षा कवटीच्या तळाचं भोक अरुंद असतं. तान्हेपणी झोपेत श्वास थांबण्याचं ते एक कारण. ते प्रकरण निराळं आहे, पण जागा तीच.

उपायाकडे येऊ. सैल सांधा बांधून टाकणं, हा विचार जुना आहे. १९१० साली मिक्स्टर आणि ऑसगुड यांनी या दोन मणक्यांना जाड रेशमी दोऱ्याने बांधल्याची नोंद आहे. पुढे गॅली यांची तारेची पद्धत १९३९ मध्ये आली आणि बरीच वर्षं चालली. पण तार ॲटलासच्या मागच्या कमानीला बांधायची, आणि आपण ज्या मुलांबद्दल बोलतोय त्यांच्यातल्या पुष्कळांची ती कमान अर्धवट किंवा फाटलेली असते. ज्यांना गरज जास्त, त्यांनाच तार धरायला जागा नाही. इथे आपल्या मुंबईचा भाग येतो. परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. अतुल गोयल यांनी ॲटलासच्या दोन्ही बाजूंच्या जाड भागांत आणि ॲक्सिसमध्ये स्क्रू बसवून ते पट्टीने जोडण्याची पद्धत वापरली. त्यांनी आणि लाहेरी यांनी ती १९९४ मध्ये प्रसिद्ध केली. २००१ मध्ये जर्मनीच्या हार्म्स यांनी पट्टीऐवजी सळई वापरून तिचा एक प्रकार मांडला. जगभर तिला आता गोयल-हार्म्स पद्धत म्हणतात. कमानीवर अवलंबून राहायचं नसल्यामुळे अशा मुलांसाठी ती मोठी सोय झाली. तरी सोपी नाही. मुलांची हाडं लहान, शेजारून मेंदूकडे जाणारी रोहिणी जाते, आणि या सिंड्रोममध्ये ती कधी कधी नेहमीचा रस्ता सोडून जाते, म्हणून आधी स्कॅनवर तिचा मार्ग पाहून घ्यावा लागतो.

सांधा बांधला की मानेचं निम्मं वळणं गेलं. ते परत येत नाही. मूल मागे पाहताना खांद्यांसकट वळायला शिकतं, आणि बऱ्यापैकी शिकतं. मज्जारज्जू चेपला जातोय, हात-पाय निकामी होताहेत, तेव्हा हा सौदा करायचा की नाही, असा प्रश्न उरत नाही. खरा प्रश्न मॉर्कियोसारख्या मुलाचा आहे, ज्याला आज काहीच त्रास नाही पण चित्रात जागा संपत आलेली दिसते. आज हसत-खेळत असलेल्या मुलाला उद्याच्या शक्यतेसाठी टेबलावर घ्यायचं? थांबलो तर, चेपून मेलेला मज्जारज्जू पुन्हा उगवत नाही. घाई केली तर शस्त्रक्रियेचे धोके, आणि त्याही मुलाला जिला कदाचित गरज पडली नसती. यावर तज्ज्ञांतही एकमत नाही. आम्हाला एवढंच वाटतं की हा निर्णय आईवडिलांवर 'तुम्हीच ठरवा' म्हणून ढकलून मोकळं होणं हे स्वातंत्र्य देणं नव्हे. त्यांना मोकळी जागा, पट्टा, खुंटी हे सगळं चित्र काढून समजावलं पाहिजे, आणि मॉर्कियोच्या मुलाची तर बुद्धी शाबूत आहे, तेव्हा दहा-बारा वर्षांच्या मुलाला त्या खोलीबाहेर बसवून कसं चालेल?

एक गोष्ट व्यवहाराची, पण आज बोललेल्या सगळ्यात तातडीची. या मुलांना मानेखेरीज इतर कारणांसाठी भूल द्यावी लागते: कानात नळी बसवायला, टॉन्सिल काढायला, दातांसाठी, गुडघ्यांसाठी. भूल दिल्यावर मान धरून ठेवणारे स्नायू सैल पडतात, आणि श्वासनलिकेत नळी घालण्यासाठी डोकं मागे झुकवण्याची रीत आहे. जाग्या मुलाने जी हालचाल स्वतः टाळली असती ती इथे दुसरं कुणी करतं. म्हणून भूलतज्ज्ञांना आधी, स्वतःहून, स्पष्ट सांगायचं: मुलाला हा सिंड्रोम आहे, मान पाहिली आहे किंवा नाही, अमुक लक्षणं आहेत. मान न हलवता नळी घालण्याच्या पद्धती त्यांच्याकडे असतात. ते विचारतीलच, असं धरून बसू नका. कागदपत्रं शेवटच्या क्षणी एका हातातून दुसऱ्या हातात जातात.

शेवटचे दोन प्रश्न घेऊ, वेळ होत आला. एका शिक्षिकेने विचारलं आहे की शाळेत योगाचा तास असतो, डाउन सिंड्रोमच्या मुलांना बसवायचं का? जरूर बसवायचं. या मुलांना खेळापासून तोडणं हे त्यांचं वेगळंच नुकसान आहे. १९८३ च्या नियमाने ते पुष्कळांचं केलं. पण शीर्षासन, सर्वांगासन, हलासन, कोलांटी उडी, ट्रँपोलिन, म्हणजे जिथे शरीराचं वजन मानेवर येतं किंवा मानेला झटका बसतो, ते त्यांच्या डॉक्टरांनी पाहून हो म्हटल्याशिवाय नको. ताडासन, वृक्षासन, चालणं, नाचणं यांना काय हरकत आहे.

दुसरा प्रश्न एका आजीबाईंचा. नातू आठ वर्षांचा, त्याला क्लिपेल-फाइल आहे. मान आखडते म्हणून घरातले त्याला केस कापायला नेतात तेव्हा न्हाव्याकडून मानेचा कडाका काढून घेतात, त्याला बरं वाटतं, चालेल का? नाही, आजी. आजपासून नाही. न्हाव्याला केस कापू द्या. डोक्याला तेल लावू द्या. मान मात्र कुणी झटकन फिरवायची नाही, न्हाव्याने नाही, मालिशवाल्याने नाही, लाडाने काकानेही नाही. आणि ती आखडते कशाने, हे तपासायला या आठवड्यातच डॉक्टरांकडे न्या. जाताना जुने एक्स-रे, असतील तेवढे, बरोबर घ्या.